घुणाक्षराचा वाचक

योगायोग हा वाङ्मयचर्चेत फार बदनाम झालेला शब्द आहे. कथानकाची गाठ सुटेनाशी झाली की लेखकाने योगायोगाला हाक मारावी, जत्रेत हरवलेला भाऊ ऐन वेळी दारात उभा करावा, दंडावरच्या खुणेवरून मातापुत्रांची ओळख पटवावी आणि टीकाकाराने नाक मुरडून त्यावर 'कृत्रिम' असा शिक्का मारावा, हा क्रम आपल्याकडे आता रूढच होऊन बसला आहे. हा शिक्का पुष्कळदा योग्य असतो, हेही कबूल केले पाहिजे. परंतु योगायोगाचा विचार आपल्या पूर्वसूरींनी इतक्या घाईने उरकला नव्हता. त्यांनी त्याच्यासाठी एक नव्हे, दोन न्याय सांगून ठेवले आहेत. एक काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे जे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, ते ह्याच न्यायाचे घरगुती रूप होय. दुसरा घुणाक्षर न्याय. लाकूड किंवा पोथीचे पान पोखरीत किडा चालला असता त्याच्या वाटेचा आकार अवचित एखाद्या अक्षरासारखा दिसतो, तो घुणाक्षर.

हे दोन न्याय सामान्यतः एकाच अर्थाने वापरले जातात. पण जरा बारकाईने पाहिले तर त्यांत एक महत्त्वाचा भेद दिसून येतो. कावळा आणि फळ ह्यांच्या गाठीला साक्षीदाराची गरज नाही. कोणी पाहो वा न पाहो, फळ पडायचे ते पडतेच. घुणाक्षराचे तसे नाही. किड्याला लिपी ठाऊक नसते. त्याने पोखरलेल्या रेषेत अक्षर असते ते अक्षरओळख असलेल्या माणसाच्या डोळ्यात. निरक्षरापुढे तेच पान ठेवले तर त्याला फक्त भोक दिसेल. म्हणजे घुणाक्षरात दोघांचा वाटा आहे: अजाणपणे पोखरणाऱ्या किड्याचा आणि जाणतेपणी वाचणाऱ्या मनुष्याचा. पहिल्या वाट्याला योगायोग म्हणावे, दुसऱ्याला कल्पना.

नेमक्या ह्याच दोन शब्दांचे नाव असलेला एक जपानी चित्रपट मजजवळच्या विद्यार्थ्यांनी व स्नेह्यांनी पाहावा असे मला वाटते, म्हणून हा लेख. र्यूसुके हामागुची ह्या दिग्दर्शकाने स्वतःच लिहिलेला हा चित्रपट २०२१ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीत तो 'व्हील ऑफ फॉर्च्यून अँड फँटसी' ह्या काहीशा सजवलेल्या नावाने ओळखला जातो; मूळ जपानी नाव मात्र साधे आहे. 'गूझेन तो सोझो', म्हणजे योगायोग आणि कल्पना. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे मोठे पारितोषिक, म्हणजे रुपेरी अस्वल, मिळाले. ह्याच दिग्दर्शकाचा 'ड्राइव्ह माय कार' त्याच वर्षीचा. त्याला पुढे २०२२ साली उत्कृष्ट परभाषीय चित्रपट म्हणून ऑस्कर मिळाले, आणि त्या गाजावाजात हे धाकटे भावंड थोडे मागे पडले. माझ्या मते ह्या दोहोंत धाकटेच अधिक विचार करावयास लावणारे आहे.

ह्या चित्रपटात एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन कथा आहेत. अनेक कथांचा एक चित्रपट ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नाही. २०१५ साली आलेल्या 'बायोस्कोप' ह्या मराठी चित्रपटात चार दिग्दर्शकांनी चार कवितांवरून चार कथा रचल्या होत्या. तेथे चौघांचे चार स्वभाव होते आणि कवितेच्या धाग्याने ते एकत्र ओवले होते. येथे दिग्दर्शक एकच आहे आणि धागाही एकच आहे. त्यामुळे हा कथासंग्रह असूनही प्रबंधासारखा एकेक पायरी चढत जातो. एरिक रोमेर ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने १९९५ साली 'रांदेव्हू इन पॅरिस' ह्या चित्रपटात तीन भेटींच्या तीन कथा सांगितल्या होत्या. हामागुचींनी त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

कथांकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. योगायोग दुर्मीळ असतो असे आपण समजतो, ते खरे नव्हे. आमच्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाटा म्हणून एक ठिकाण आहे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांचा निरोप घेतात. येथील खिचडी प्रसिद्ध आहे; तिच्यासाठी गाड्या थांबतात, आणि जन्मात एकमेकांचे तोंड न पाहिलेली माणसे एका बाकावर मांडीला मांडी लावून जेवतात. घटकाभराने एक हिंगोलीस जातो, दुसरा यवतमाळास. कोणास ठाऊक, त्या बाकावर आजवर किती ताटातुटी झालेली माणसे पाठीला पाठ लावून बसली असतील! योगायोगांचा तेथे तोटा नाही. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत ते शेकड्यांनी घडत असतात. तरीही त्यांतून कथा निर्माण होत नाही, कारण शेजाऱ्याच्या ताटावरून आपली नजर वर जात नाही. पोखरलेली पाने पुष्कळ आहेत, वाण आहे ती वाचकाची. हामागुचींचा चित्रपट हा अशा फाट्यांवर नजर वर उचलणाऱ्या माणसांचा चित्रपट आहे, आणि त्याचा खरा प्रश्न असा की, समोर आलेल्या माणसाचे आपण काय करतो?

पहिल्या कथेचे नाव 'जादू (किंवा तिच्याहून कमी खात्रीचे काही)'. मेइको आणि त्सुगुमी ह्या दोन मैत्रिणी रात्री टॅक्सीतून परतत आहेत. त्सुगुमी आपल्याला नुकत्याच भेटलेल्या एका तरुणाविषयी भरभरून सांगते आहे. पहिल्याच भेटीत रात्र सरेपर्यंत गप्पा झाल्या, पूर्वी एका मुलीने दिलेल्या दगाफटक्याने तो घायाळ झालेला आहे, वगैरे. मेइको ऐकते, हसते, चिडवते. त्सुगुमी उतरल्यावर ती टॅक्सी मागे वळवावयास सांगते आणि सरळ त्या तरुणाच्या कचेरीत जाऊन उभी राहते, कारण ती दगा देणारी मुलगी तीच. पुढे दोघांत जो वाद होतो, त्यात प्रेम किती, मत्सर किती आणि निव्वळ खोडसाळपणा किती, हे त्या दोघांनाही सांगता येणार नाही. काही दिवसांनी दोघी मैत्रिणी एका उपाहारगृहात बसल्या असता काचेबाहेरून तोच तरुण जातो आणि त्सुगुमी त्याला आत बोलावते. मेइको सगळे बोलून टाकते. मैत्रीण उठून निघून जाते. इतक्यात कॅमेरा मेइकोच्या चेहऱ्याकडे झेपावतो, मागे सरतो, आणि आपल्या ध्यानात येते की हे घडलेच नाही. ती अजून गप्पच बसलेली आहे. मग ती काही निमित्त काढून उठते आणि त्या दोघांना एकत्र सोडून बाहेर पडते.

ह्या कथेत योगायोगाने मेइकोच्या हाती एक शस्त्र दिले आहे. ते उगारले असता काय होईल हे ती कल्पनेत पाहते, आणि पाहिल्यामुळेच ते खाली ठेवते. कल्पनेचे हे कार्य आपल्या वाङ्मयविचारात फारसे सांगितले जात नाही. कल्पना म्हणजे नसलेल्याची निर्मिती असे आपण शिकवतो. पण होऊ पाहणारे टाळण्याची शक्तीही तीच आहे. मेइको साध्वी नाही. तिचा त्याग थोर नाही. उद्या ती पुन्हा त्या कचेरीत जाणारच नाही, अशी हमी कथा देत नाही. शीर्षकातला 'कमी खात्रीचे' हा शब्द म्हणूनच अन्वर्थक आहे. तथापि जे काही झाले ते तिने केले, नशिबाने नव्हे.

येथे मला शाकुंतलाची आठवण होते, आणि ती तुलना वाचकांस धार्ष्ट्याची वाटली तरी करण्यासारखी आहे. महाभारतातल्या मूळ आख्यानात अंगठी नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. तेथे दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि ओळखूनही भरसभेत नाकारतो. आकाशवाणी झाल्यावरच स्वीकारतो. कालिदासाने शाप आणला, शचीतीर्थात अंगठी पाडली, ती माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती दिली. त्याने नाटकाचे सौंदर्य अपरंपार वाढले, ह्यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर राजा निर्दोष सुटला. बोटातून निसटलेल्या एका दागिन्याने अपराधाचे ओझे उचलले, आणि आपण प्रेक्षकांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ह्याच नाटकापासून मराठी संगीत रंगभूमीचा प्रारंभ केला, तेव्हा ही सवय आपण वारशानेच घेतली म्हणावयाची. पत्रिका जुळली नाही, योग नव्हता, गाठी वर बांधलेल्या असतात, ऋणानुबंध तेवढाच होता, ही वाक्ये सुशिक्षित घरांत आजही कोणत्या प्रसंगी उच्चारली जातात ते आठवून पाहावे. बहुतेक वेळी कोणीतरी कोणाला नाकारलेले असते आणि नाकारणाऱ्याचे नाव घेण्याचे टाळावयाचे असते.

मराठी रंगभूमीवर योगायोग आणि कल्पना ह्यांचा सर्वांत सरस संसार मांडला तो गोविंद बल्लाळ देवलांनी, 'संशयकल्लोळ' नाटकात. १६६० सालच्या मोलिएरच्या प्रहसनाचे बीज, आर्थर मर्फी ह्या आयरिश नाटककाराच्या हातून फिरून, देवलांकडे आले. त्यांनी आधी गद्य नाटक लिहिले आणि मग त्याचे संगीत रूप केले. १९१६ साली, देवलांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. रस्त्यात रेवती मूर्च्छित होते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकी त्याच वेळी कृत्तिकेची दृष्टी तेथे जाते. रेवतीच्या हातची अश्विनशेटची तसबीर खाली पडते. ती कृत्तिका उचलते, आणि नेमकी तिच्या हाती ती असताना फाल्गुनराव पाहतो. एक मूर्च्छा आणि एक तसबीर, एवढ्या दोन अपघातांवर सारा कल्लोळ उभा राहतो. परंतु तो अपघातांनी होत नाही. फाल्गुनराव आणि कृत्तिका ह्या दोघांनी संशयाची लिपी आधीच गिरवलेली आहे. म्हणून पडलेल्या प्रत्येक रेषेत त्यांना तेच एक अक्षर दिसते. देवलांनी हसत हसत दाखवले ते असे की, कल्पनाशक्ती ही केवळ कवींची मिरास नाही. मत्सरी मनुष्याइतका कल्पक दुसरा कोणी नाही. त्याला फक्त आपल्या कल्पनेची पारख करून पाहण्याचा धीर नसतो. फाल्गुनरावाने एक प्रश्न सरळ विचारला असता तर नाटक पहिल्या अंकातच आटोपले असते. मेइकोची कल्पना तिला थांबवते. फाल्गुनरावाची त्याला पळावयास लावते. शक्ती एकच, फरक असा की, एक आपण काय करू हे पाहते, दुसरी दुसऱ्याने काय केले असेल ते ठरवून मोकळी होते.

दुसरी कथा 'दार सताड उघडे' ह्या नावाची आहे आणि ती विद्यापीठात घडते. सेगावा नावाचे फ्रेंचचे प्राध्यापक एका विद्यार्थ्याला नापास करतात. तो त्यांच्यापुढे गुडघे टेकून विनवतो, पण ते बधत नाहीत. त्याची हाती आलेली नोकरी हुकते. पुढे ह्याच प्राध्यापकांच्या कादंबरीला जपानचे मानाचे अकुतागावा पारितोषिक मिळते. चिडलेला विद्यार्थी सूड म्हणून नाओ नावाच्या प्रौढ, विवाहित विद्यार्थिनीला, जिच्याशी त्याचे चोरटे संबंध आहेत, त्यांना मोहात पाडावयास पाठवतो. ती त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्याच कादंबरीतला एक उत्तान उतारा मोठ्याने वाचू लागते आणि हे सारे गुपचूप ध्वनिमुद्रित करते. ती दार लोटते; ते उठून उघडतात. दार उघडेच राहिले पाहिजे, हा त्यांचा नियम आहे.

मी स्वतः आयुष्यभर अध्यापनाच्याच व्यवसायात असल्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटला. शिक्षकाच्या खोलीचे दार उघडे असावे, हा नियम बहुधा भीतीपोटी पाळला जातो: कोणी काही म्हणू नये म्हणून. सेगावांच्या उघड्या दाराने काही निराळेच साधते. बाहेरून लोक येत जात असतात आणि आत दोन माणसे एकमेकांशी इतक्या प्रामाणिकपणे बोलतात की तो एकांत बंद दाराआड क्वचितच लाभला असता. नाओ आपला कट कबूल करते. ते रागावत नाहीत. उलट तिच्या वाचनाने आपल्याला आपलेच लेखन नव्याने ऐकू आले, असे सांगतात आणि ते ध्वनिमुद्रण आपल्याला पाठवण्याची विनंती करतात. समाजाच्या मापाने स्वतःला मोजून कमी लेखू नकोस, अशा आशयाचे जे ते तिला सांगतात, ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो शब्दांत सांगण्यासारखा नाही. सापळा म्हणून जे आले ते भेट होऊन बसले.

आणि येथेच योगायोग पुन्हा येतो, पण आता क्रूर होऊन. नाओ घरी ते ध्वनिमुद्रण पाठवू लागते, आणि पत्त्यात सेगावाच्या जागी सागावा असे पडते. एका अक्षराच्या चुकीने ते भलत्याच्या हाती जाते. प्राध्यापकांची नोकरी जाते, नाओचा संसार मोडतो. पाच वर्षांनी एका बसमध्ये तिला तो जुना विद्यार्थी भेटतो. तो आता प्रकाशनसंस्थेत संपादक आहे, त्याचे लग्न ठरले आहे. ज्याने जाळे विणले तो सुखरूप, जी दोघे त्यातून माणुसकीने बाहेर पडू पाहत होती ती बुडाली!

ह्या कथेविषयी माझा एक आक्षेप आहे. अक्षराची ही चूक लेखकाच्या हातची वाटते. पहिल्या कथेतला योगायोग आरंभी येतो आणि पात्रांना प्रश्न घालतो. हा योगायोग शेवटी येतो आणि उत्तर लिहून टाकतो. आरंभीचा योगायोग माणसाची परीक्षा घेतो, शेवटचा निकाल लावतो. आणि परीक्षा न घेता लावलेला निकाल, तो सुखाचा असो वा दुःखाचा, सारखाच अन्यायाचा. कोणी म्हणेल की जीवनात असे घडते. घडते, ह्यात संशय नाही. पण जीवनात घडते एवढे कलेला पुरत नाही. तरीही मी ह्या कथेला तिघींतली सर्वांत धीट म्हणेन. चांगुलपणाला बक्षीस मिळतेच असे नाही, हे ती कोणतीही आदळआपट न करता सांगते, आणि त्या उघड्या दाराचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी कथा 'पुन्हा एकदा'. तिची पार्श्वभूमी मौजेची आहे. एका संगणक-विषाणूने साऱ्या जगाची खाजगी माहिती चव्हाट्यावर मांडली, म्हणून इंटरनेट बंद पडले आहे आणि लोक पुन्हा पत्रे आणि तारा पाठवू लागले आहेत. म्हणजे हरवलेल्या माणसाला शोधण्याची सारी यंत्रे बंद. भेट व्हावयाची तर ती रस्त्यातच झाली पाहिजे. नात्सुको नावाची स्त्री शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सेन्दाई शहरी येते. जिच्यासाठी आली ती मैत्रीण, तिचे तरुणपणचे पहिले प्रेम, तेथे नसतेच. परतताना रेल्वे स्थानकाच्या सरकत्या जिन्यावर ती वर जात असता समोरच्या जिन्याने खाली येणारी एक स्त्री तिला दिसते. दोघी थबकतात, एक खाली धावते, दुसरी वर. वीस वर्षांनी भेट! ती गृहिणी तिला आग्रहाने घरी नेते. चहा होतो, गप्पा होतात; आणि हळूहळू ध्यानात येते की दोघींना एकमेकींचे नावच ठाऊक नाही. प्रत्येकीने दुसरीला भलतीच कोणीतरी समजले होते.

देवलांच्या हाती हा प्रसंग पडता तर हास्याचा कल्लोळ झाला असता. हामागुचींच्या हाती तो विलक्षण गंभीर होतो. ती गृहिणी म्हणते, तुम्हाला तिला जे सांगावयाचे होते ते मला सांगा. मी ती होते. आणि नात्सुको सांगते: माझ्या आयुष्यात एक पोकळी आहे, तुझ्याही आयुष्यात ती असेल, ती भरून काढावयास मी आले नाही, तीच आपल्याला जोडून ठेवते एवढे सांगावयास आले. पुढे स्थानकावर निरोप घेताना नात्सुको त्या गृहिणीच्या हरवलेल्या मैत्रिणीची भूमिका घेते. ऋण फिटते. जाता जाता त्या गृहिणीला इतका वेळ न आठवलेले मैत्रिणीचे नाव आठवते, आणि ते सांगण्यासाठी ती धावत परत येते.

ह्या कथेचे मर्म नीट कळण्यासाठी मराठीतील एका लोकप्रिय चित्रपटाशी ती ताडून पाहणे उपयोगी पडेल. सतीश राजवाडे ह्यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' हा २०१० सालचा चित्रपट बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. मुंबईची एक मुलगी आईच्या आग्रहाखातर, पण नकार देण्याच्याच निश्चयाने, एक स्थळ पाहावयास पुण्यास येते. एका अनोळखी तरुणाला पत्ता विचारते, आणि दिवसभर त्याच्याबरोबर शहर हिंडते. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी ह्या दोघांच्या संभाषणावरच सारा चित्रपट उभा आहे. पात्रांना त्यात नावेदेखील नाहीत, आणि दोन्ही शहरांची नोकझोक इतकी अस्सल आहे की त्याच्या यशाचे नवल वाटू नये. पण अखेरीस हा अनोळखी तरुण म्हणजेच ते स्थळ, असे निघते. म्हणजे ज्याला आपण योगायोग समजत होतो, त्याने वडीलमंडळींच्या निवडीवरच शिक्कामोर्तब केले! आपल्या मध्यमवर्गाच्या मनाचा हा फार नेमका नकाशा आहे. आपल्याला अनोळखी भेटीची हुरहुर हवी असते आणि पाहून-सवरून ठरवलेल्या स्थळाची निश्चिंतीही हवी असते. हा चित्रपट दोन्ही एकाच ताटात वाढतो. पुढच्या भागांत त्या दोघांना नावे मिळाली, नातेवाईक मिळाले, लग्नही झाले, हे ओघानेच आले.

ही टीका मी त्या चित्रपटाला हिणवण्यासाठी करीत नाही. त्याची प्रसन्नता मला आवडते. मला दाखवावयाचा आहे तो भेद निराळा. तेथे बतावणी एकाची आहे. त्याला ठाऊक आहे, तिला नाही. खेळ चालला आहे हे तिला कळते ते खेळ संपल्यावर. सेन्दाईच्या त्या घरात खेळ सुरू होतो तोच मुळी सारे खरे कळल्यानंतर. दोघींना ठाऊक आहे की समोरची ती नव्हे. आणि ते ठाऊक असूनही दोघी मिळून तिला 'ती' करतात. फाल्गुनरावाने कल्पना दुसऱ्यावर लादली, पुण्याच्या तरुणाने ती दुसऱ्यापासून लपवली, ह्या दोघींनी ती वाटून घेतली. वाटून घेतलेली कल्पना ही खोटी राहत नाही. लहान मुलांचा भातुकलीचा खेळ खोटा कोण म्हणेल? आपले सारे नाट्य तरी दुसरे काय आहे?

ही सारी किमया मुख्यतः संभाषणावर चालते. चित्रपटात नेत्रदीपक असे काहीच नाही: टॅक्सीची मागची बैठक, प्राध्यापकाची खोली, चहाचे टेबल. हामागुची नटांकडून चित्रणापूर्वी संहिता पुनःपुन्हा वाचून घेतात, आणि तीही भावनेचा लवलेश न आणता, सपाट स्वरात. शब्द जिभेवर इतके मुरले पाहिजेत की कॅमेऱ्यापुढे भावना ठरवून आणावी लागू नये; ती यावयाची तर आपणहून यावी. योगायोगाचे हेच खरे गुपित होय. शिस्तीने मशागत केलेल्या जमिनीतच तो उगवतो. २०११ च्या भूकंपानंतर ह्याच दिग्दर्शकाने एका सहकाऱ्यासह उत्तर जपानातील आपद्ग्रस्तांच्या मुलाखतींचे अनुबोधपट केले होते, आणि सेन्दाई हे त्याच प्रदेशातील शहर आहे. दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची त्याची हातोटी तेथे तावून सुलाखून निघाली असावी, असे मला वाटते.

जपानी भाषेत अशा भेटींमागच्या बंधाला 'एन' म्हणतात. बौद्ध परिभाषेतील 'प्रत्यय' ह्या संस्कृत शब्दासाठी जे चिनी अक्षर योजले गेले, त्याचाच हा उच्चार. म्हणजे आपला ऋणानुबंध आणि त्यांचा 'एन' ही फार दूरची नाती नव्हेत. प्रत्यय म्हणजे साहाय्यक कारण. बीज हा हेतू; पाणी, माती, ऊन हे प्रत्यय. भेट हा प्रत्यय झाला. ती मिळाली म्हणून अंकुर फुटेलच असे नाही. कूकी शूझो ह्या जपानी तत्त्वज्ञाने १९३५ साली योगायोगाच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ह्यावरून त्या देशात हा विषय किती गांभीर्याने घेतला गेला आहे हे दिसून येईल. आपण ऋणानुबंध ह्या शब्दातला 'ऋण' विसरलो आणि 'बंध' तेवढा लक्षात ठेवला. ऋण असेल तर ते फेडावे लागते. भेट झाली हे दैवाचे; भेटलेल्याला काय दिले हे आपले.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. पहिल्या कथेतला तो कॅमेऱ्याचा झटका लक्ष वेधून घेणारा आहे; एवढ्या संयमी कृतीला तो शोभत नाही. पुरुष पात्रे, एक सेगावा सोडले तर, बेताचीच आहेत. आणि मनुष्ये आपल्या अंतःकरणाचा ठाव घेऊन एवढे नेटके बोलतात का, अशी शंका अधूनमधून येते. परंतु तिसऱ्या कथेतील त्या दोघी एकमेकींना ओळख नसतानाही जे देऊन जातात, ते पाहिल्यावर ह्या उणिवांचा हिशेब मांडीत बसण्याची इच्छा उरत नाही.

आपल्या घराघरांतून अजूनही मुलामुलींच्या भेटी ठरवल्या जातात, नकार कळवले जातात, आणि जुन्या मैत्रीच्या गाठी नकळत सुटून जातात. ह्यांपैकी पुष्कळसे आपल्या हाती नसते, हे मान्य. परंतु ज्यांच्याशी बोलावयाचे राहून गेले त्यांच्यासाठी आपण मनात काही बोलून ठेवलेले असते, आणि ते ऐकावयास तीच व्यक्ती कधी येईल ह्याचा भरवसा नसतो. अशा वेळी समोर जो कोणी आला असेल त्याने घटकाभर तिच्या जागी उभे राहावे, आणि आपणही उद्या दुसऱ्या कोणासाठी तसेच उभे राहावे, एवढे मागणे ही तिसरी कथा आपल्यापुढे ठेवते. ते मोठे नाही. पण ते पुरे करावयाचे तर संशयाची लिपी विसरून दुसरी एखादी लिपी नव्याने गिरवावी लागेल.